डावी झडप, उजवी वाट

संमतीपत्रावर सही दादाची लागणार होती, पण त्यात काय लिहिलंय ते समजून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. दादा यंत्रमागाच्या सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कारखान्यात रात्रपाळीला असतो. सकाळी घरी आला की त्याला बोलायचंही त्राण नसतं. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी एकटा, आणि तीही बी.कॉम. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात मी मालाची आवक-जावक लिहितो. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला संपला, आणि तो संपल्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या मागे भराभर एक हृदय काढलं आणि मला सांगितलं, "तुमच्या वहिनींची डावीकडची झडप अरुंद झालीय. आपण मांडीतल्या शिरेतून उजवीकडे शिरू, मधला पडदा टोचून डावीकडे जाऊ आणि फुग्याने झडप मोकळी करू." मी मान डोलावली. मोठ्या रुग्णालयात मान आपोआप डोलते, मागे रांग असते.

बाहेर बाकावर वहिनीने विचारलं, "भावोजी, बिघाड डावीकडे आहे ना? मग हे उजवीकडून कशाला जातायत? आणि चांगला पडदा का फोडायचा?"

मला उत्तर येईना. परत आत जाऊन विचारण्याचा धीर होईना. भिवंडीला परतताना लोकलमध्ये आणि मग ठाण्याहून बसमध्ये मी त्या कागदाकडे बघत बसलो होतो. चार चौकोन, सात-आठ बाण, आणि बाण एकमेकांना ओलांडून जाणारे.

वहिनीचा त्रास तसा नवा नव्हता. नारपोलीतल्या आमच्या चाळीचा जिना चढताना ती मधेच थांबायची. रात्री आडवी झाली की धाप लागायची, मग दोन उशा घेऊन टेकून बसायची. आईचं म्हणणं, अंगात रक्त कमी आहे. वर्षभर बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे चालू होते. गल्लीतल्या डॉक्टरांना मात्र वेगळाच संशय आला. त्यांनी तिला डाव्या कुशीवर वळायला सांगून स्टेथोस्कोप लावला, पण भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू होते. खिडक्या लावल्या तरी खडखडाट काही थांबेना. दुपारी वीज गेली, सगळे माग एकदम गप्प झाले, तेव्हा त्यांनी तिला पुन्हा आत बोलावलं. बराच वेळ ऐकून म्हणाले, "इको करून घ्या. दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत आवाज आहे. तिथे शांत असायला हवं."

इकोच्या रिपोर्टवर लिहिलेलं होतं, मायट्रल स्टेनोसिस, सिव्हिअर. झडपेचं क्षेत्रफळ ०.९ चौरस सेंटिमीटर. निरोगी माणसाची ही झडप उघडली की ४ ते ६ चौरस सेंटिमीटरची वाट मिळते. आकड्यांचा माणूस म्हणून मी वहीवर दोन्ही चौकोन काढले. एकात अंगठा आरामात मावत होता, दुसऱ्यात करंगळीचं टोक. तेवढ्यातून तिच्या अंगातलं सगळं रक्त जात होतं. 'सगळं' कसं काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं. काही रक्त दुसऱ्या वाटेने जात असेल, अशी माझी समजूत.

पुतण्याचं आठवीचं विज्ञानाचं पुस्तक घेतलं. त्यात चार कप्पे: वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. पहिलाच अडथळा असा की आकृतीत उजवं अलिंद माझ्या डाव्या हाताला. पुतण्या म्हणाला, "काका, ते हृदय तुमच्या समोर उभ्या माणसाचं आहे." मग पुस्तक छातीवर उलटं धरून बघितलं, तर चित्र दिसेना. दुसरा अडथळा रंगांचा. निळं म्हणजे अशुद्ध, लाल म्हणजे शुद्ध, धमन्या लाल, शिरा निळ्या, इथवर ठीक. पुढच्या ओळीत फुफ्फुस धमनी, आणि ती निळी! फुफ्फुस शिरा लाल! मला वाटलं छपाईत गडबड झाली. मग कळलं की धमनी म्हणायची ती हृदयातून बाहेर जाते म्हणून, शिरा म्हणायची ती हृदयाकडे येते म्हणून. आतलं रक्त कसंही असो. आणि निळं रक्त नावाची गोष्ट अंगात कुठेच नाही. ऑक्सिजन कमी असलेलं रक्त गडद लाल असतं, एवढंच.

तरी आकृतीने माझं डोकं काही हलकं झालं नाही. म्हणून बाजारात जाऊन मटणाच्या दुकानात सांगितलं, "एक दिल द्या, चीर देऊ नका, वरच्या नळ्या राहू द्या." दुकानदार चाचा म्हणाले, "पकाना नहीं है क्या?" नाही म्हटल्यावर त्यांनी विचित्र नजरेने बघितलं, पण वरचे दांडे चांगले बोटभर ठेवून दिले. आईला हा प्रकार पसंत नव्हता. मोरीत जुना पाट टाकून बसायची परवानगी मिळाली.

ज्याला हृदय समजून घ्यायचंय त्याने आकृतीच्या आधी हे करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बोटांनी दाबलं तरी उजवी-डावी बाजू लगेच कळते. उजवीकडची भिंत मऊ, दबणारी. डावीकडची घट्ट, जाड. सुरीने आडवा छेद घेतला तर डाव्या निलयाची भिंत उजवीच्या जवळपास तिप्पट भरली. कारण सरळ आहे. उजव्या निलयाला रक्त शेजारच्या फुफ्फुसांपर्यंतच ढकलायचं असतं, तिथे पाऱ्याच्या २५ मिलिमीटरच्या आसपासचा दाब पुरतो. डाव्याला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचवायचं असतं, तिथे १२० लागतो. आपण दंडाला पट्टा बांधून मोजतो तो हा डावीकडचा दाब.

डाव्या अलिंदातून करंगळी खाली घातली आणि वहिनीची झडप सापडली. म्हणजे बकऱ्याची, पण तीच. दोन पातळ, पांढुरकी पाती. त्यांच्या कडांना बारीक पांढऱ्या दोऱ्या, आणि त्या दोऱ्या खाली निलयाच्या भिंतीतल्या स्नायूंच्या कोंबांना बांधलेल्या. उजवीकडे अशीच झडप तीन पात्यांची. ही पाती स्वतः काही करत नाहीत. वरून दाब आला की उघडतात, खालून आला की मिटतात. दोऱ्या त्यांना उलट्या बाजूला पलटू देत नाहीत. डॉक्टर ऐकतात तो 'लब्' म्हणजे या दोन झडपा मिटल्याचा आवाज, आणि 'डब्' म्हणजे महाधमनी आणि फुफ्फुस धमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटल्याचा. डब् आणि पुढच्या लब्च्या मधे निलय भरत असतं. निरोगी हृदयात ते भरणं ऐकू येत नाही. वाट अरुंद झाली की रक्त घासत जातं, त्याची घरघर होते. वीज गेल्यावर डॉक्टरांनी ऐकली ती हीच.

महाधमनीच्या दांड्यातून तांब्याने पाणी ओतलं. पाणी खाली जाईना. तीन खिसे फुगून तोंड बंद करून बसले होते. मात्र पातळी हळूहळू उतरत होती. दांडा उभा चिरला तेव्हा झडपेच्या जरा वर दोन बारीक छिद्रं दिसली. या हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या, ज्या तुंबल्या की हार्ट अ‍ॅटॅक येतो त्या. पोटातून दिवसरात्र रक्त वाहतंय, पण त्या जाड भिंतीला ते आतून थेट मिळत नाही. बाहेर पडलेल्या रक्तातून, बाहेरून फिरून येणारा वाटा घ्यावा लागतो. तोही मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हाच, कारण आवळलेल्या स्नायूतून रक्त वाहायला जागा नसते. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. डाव्या निलयाबद्दल मला इतकी सहानुभूती वाटेल असं वाटलं नव्हतं.

आता वाट. शरीरातून आलेलं रक्त वरच्या आणि खालच्या महाशिरेतून उजव्या अलिंदात, तिथून उजव्या निलयात, फुफ्फुस धमनीतून फुफ्फुसांत, फुफ्फुस शिरांतून डाव्या अलिंदात, मग डाव्या निलयात, महाधमनीतून शरीरभर, आणि पुन्हा महाशिरेत. माझ्या डोक्यात इतके दिवस दोन वेगळी चक्रं होती, एक फुफ्फुसाचं, एक शरीराचं, शेजारी शेजारी फिरणारी. तशी ती नाहीत. एकच माळ आहे आणि ती हृदयातून दोनदा जाते. म्हणून वहिनीचं 'सगळं' रक्त त्या ०.९ मधून जात होतं. दुसरी वाटच नाही.

आणि धाप का लागते हेही मला इथेच उमगलं, ते पुस्तकापेक्षा काशेळीच्या पुलामुळे. पुलावर एखादा कंटेनर बंद पडला की खोळंबा पुलावर दिसत नाही, मागे दिसतो. आधी काल्हेर भरतं, मग आमचं पूर्णा, मग राहनाळ, आणि शेवटी अंजूरफाट्याला माणूस विचारतो की झालंय तरी काय. मायट्रल झडप अडली की आधी डावं अलिंद फुगतं, मग फुफ्फुस शिरा, मग फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी झिरपायला लागतं. वहिनीचं दुखणं हृदयात आणि तक्रार श्वासाची. आडवं झालं की पायांकडचं रक्तही परत येऊन गर्दीत भर घालतं, म्हणून दोन उशा.

पडद्याचा प्रश्न अजून उरला होता. आमच्या गल्लीच्या टोकाला युनानी दवाखाना आहे. तिथल्या हकीमसाहेबांशी माझं येता-जाता बोलणं असतं. मी आकृती दाखवली तेव्हा ते खुर्चीवर सरसावून बसले. म्हणाले, हा पडदा फार जुना वादाचा विषय आहे. रोमन काळातला वैद्य गॅलेन सांगून गेला की दोन निलयांमधल्या पडद्याला न दिसणारी छिद्रं असतात आणि रक्त त्यांतून उजवीकडून डावीकडे पाझरतं. हजारभर वर्षं लोकांनी ते मानलं. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या दमास्कसमध्ये शिकलेल्या आणि कैरोत काम केलेल्या हकीमाने लिहिलं की पडदा जाड आहे, छिद्रं बिद्रं काही नाहीत, रक्त फुफ्फुसातून वळसा घालूनच डावीकडे येतं. हे हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात पडून होतं. १९२४ मध्ये जर्मनीत शिकणाऱ्या एका इजिप्शियन डॉक्टरच्या ते नजरेस आलं. तोवर सगळं श्रेय युरोपातच वाटलं गेलं होतं.

त्यातला मोठा वाटा इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेचा, आणि तो योग्यच आहे. १६२८ च्या पुस्तकात त्याने मांडलेला हिशेब माझ्यासारख्याला एका दमात पटला. आजच्या आकड्यांत सांगायचं तर एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला पाच लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तच पाचेक लिटर. जावक इतकी, मग दर मिनिटाला नवीन पाच लिटर कुठून येणार? अन्नातून इतकं रक्त तयार होणं शक्य नाही. म्हणजे गेलेलंच परत येतंय. धमन्यांतून शिरांत ते कसं जातं हे हार्वेला दिसलं नव्हतं. त्याच्या मृत्यूनंतर, १६६१ मध्ये इटलीतल्या माल्पिगीने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुफ्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि साखळी पुरी झाली.

"पण मग हे डॉक्टर पडद्याला भोक पाडणार ते?" मी विचारलं. हकीमसाहेब म्हणाले, "तो दुसरा पडदा. वरच्या दोन कप्प्यांमधला. तिथे तुम्हालाही भोक होतं."

पुस्तकात बघितलं, खरं निघालं. पोटातलं बाळ फुफ्फुसाने श्वास घेत नाही, त्यामुळे त्याचं बरंचसं रक्त उजव्या अलिंदातून थेट डाव्या अलिंदात जायला एक खिडकी असते. जन्मानंतर पहिला श्वास घेतला की डावीकडचा दाब वाढतो आणि खिडकीचं झाकण मिटतं. पुढे बहुतेकांचं ते कायमचं चिकटतं. तिथे एक खोलगट पातळ जागा उरते. मोरीतलं हृदय मी पुन्हा हातात घेतलं, अलिंदांमधला पडदा बॅटरीसमोर धरला. एका ठिकाणाहून उजेड आरपार येत होता. डॉक्टरबाई टोचणार होत्या ती हीच जागा.

आता वहिनीला उत्तर देता येत होतं. मांडीतली शीर खालच्या महाशिरेला मिळते, महाशिरा उजव्या अलिंदात उघडते. तिथून पातळ पडदा ओलांडला की थेट अडलेल्या झडपेच्या वर पोहोचतो, आणि फुगा रक्ताच्या ओघाबरोबर खाली उतरतो. धमनीतून जायचं म्हटलं तर जास्त दाबाच्या नळीतून प्रवाहाविरुद्ध वर चढायचं, महाधमनीची झडप ओलांडायची, निलयात वळायचं आणि अरुंद झडपेत खालून शिरायचं. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भोक बुजतं का?" डॉक्टरांनी सांगितलं होतं, छोटं असतं, बहुतेक वेळा आपोआप बुजतं.

तिचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. "मला दम लागतो, आणि हे ठोके कमी करायची गोळी देतात. ठोके वाढवायला नकोत का?" मलाही तेच वाटत होतं. मी कागदावर वेळ मांडला. ७२ च्या गतीला एक ठोका ०.८ सेकंदाचा; त्यात निलय आवळायला ०.३, सैल पडून भरायला ०.५. गती १२० वर गेली की ठोका अर्ध्या सेकंदाचा होतो. आवळायचा वेळ फारसा कमी होत नाही. कापला जातो तो भरायचा वेळ, तो निम्म्यावर येतो. निरोगी झडपेला चालतं. अरुंद झडपेतून तेवढ्यात रक्त उतरतच नाही, मागे तुंबतं. म्हणून जिना, ताप, पळणं, बाळंतपण, जे जे ठोके वाढवतं ते ते तिला महागात पडतं. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यापासून ती बसून झोपायची. सगळे म्हणायचे, पोट मोठं आहे म्हणून.

फुगा वापरायच्या आधी घशातून नळी उतरवून एक इको करतात, तो तिला सगळ्यात नकोसा झाला. डाव्या अलिंदात रक्त साचून राहिलं की गुठळी होऊ शकते. ती आहे का ते बघायचं असतं. गुठळी डावीकडून सुटली तर मेंदूत जाऊन अर्धांगवायू होऊ शकतो. पायाच्या शिरेतली सुटली तर मेंदूत न जाता फुफ्फुसात अडकते. महिनाभरापूर्वी मला हे पाठ करावं लागलं असतं. आता माळ डोळ्यांसमोर असल्यामुळे उत्तर आपसूक येत होतं. याचा मला जरा गर्व झाला हे लपवत नाही.

ही झडप एकेकाळी चक्क बोटानेही उघडली गेली. १९२५ मध्ये लंडनच्या हेन्री सूटर यांनी एका मुलीच्या धडधडत्या हृदयात डाव्या अलिंदाच्या टोकाकडून तर्जनी घातली आणि झडप चाचपून मोकळी केली. मुलगी वाचली, पण सहकाऱ्यांनी त्यांच्याकडे पुन्हा असा रुग्ण पाठवला नाही. मधे बरीच वर्षं गेली. फुगा जपानच्या कांजी इनोऊए यांचा, १९८० च्या दशकातला. आणि केईएममध्येच १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केलं होतं, जगातलं सहावं. रुग्ण काही तासच जगला. पुढे मुंबईत हृदयरोपण यशस्वी व्हायला २०१५ उजाडलं. मी ज्या बाकावर बसून घाबरत होतो त्या आवारात हे घडलंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

फुग्याच्या दिवशी वहिनी पूर्ण शुद्धीत होती, मांडीपुरती बधिर. तिने नंतर सांगितलं की मॉनिटरवर तिला नळी सरकताना दिसत होती. फुग्याचा आधी पुढचा भाग फुगतो, मग मागचा, त्यामुळे तो झडपेत पक्का बसतो; शेवटी मधला फुगतो आणि चिकटलेल्या कडा सुटतात. काही सेकंदांचं काम. नवीन क्षेत्रफळ १.८. चारच्या जवळ नाही, पण दुप्पट. त्या रात्री ती एका उशीवर झोपली.

डिस्चार्जच्या कागदावर मात्र मला सगळ्यात नवी वाटलेली गोष्ट होती: दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, अनेक वर्षं. हृदयाच्या आजाराला घशाचं औषध? डॉक्टरबाईंनी विचारलं, लहानपणी घसा दुखून ताप आणि नंतर सांधे सुजले होते का? सुजले होते. वहिनीचं माहेर कामतघरला, एका खोलीत आठ माणसं. एकाचा घसा धरला की सगळ्यांचा धरायचा. तिचा गुडघा सुजायचा, तो उतरला की घोटा. वाढीचं दुखणं म्हणून तेल चोळलं गेलं. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि झडपांवर उलटतं. सांधे बरे होतात, झडपेवर वण राहतात आणि पुढच्या दहा-वीस वर्षांत ती आवळत जाते. जंतू परत आले की आणखी वण पडतात, म्हणून इंजेक्शन. फुग्याने वाट मोठी होते, हा धोका जात नाही.

पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना सांधे सुजवणारा हा ताप जास्त होतो, आणि दाटीवाटीच्या वस्तीत जास्त पसरतो. म्हणजे आपल्या भिवंडीत. तेव्हा घरातल्या मुलाचा घसा ताप येऊन दुखत असेल तर डॉक्टरांकडे न्या आणि दिलेलं औषध मधेच सोडू नका. घसा दुखल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजले, एक उतरून दुसरा सुजला, तर तेल चोळत बसू नका. छातीला स्टेथोस्कोप लावायला सांगा, आणि शेजारी माग चालू असतील तर ते थांबेपर्यंत दवाखान्यातून उठू नका.